बोलण्याची वाट मोकळी करणारा व्यवसाय : स्पीच थेरपी आणि सीमेपलीकडची मराठी घरं

बेळगाव : मूल अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, म्हटल्यावर घरात कुजबुज सुरू होते. ‘बापसुद्धा उशिराच बोलला होता,’ असं म्हणून आजी धीर देते. कुणी वेखंड उगाळून चाटवायला सांगतं, कुणी देवाला बोलायला सांगतं. शेजारची एखादी काकू मात्र ठाम असते : ‘घरात मराठी, गल्लीत कानडी, बालवाडीत इंग्रजी. एवढ्या भाषांत पोर गोंधळणार नाही तर काय? तुम्ही मराठी बंद करा, एकच भाषा बोला.’

हाच सल्ला पणजीत मिळतो, इंदूरला मिळतो, बडोद्यात आणि हैदराबादेतही मिळतो. फक्त कानडीच्या जागी कोकणी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू येते. या सल्ल्यापायी अनेक घरांत मोलाची दोन-तीन वर्षं निघून जातात. अशा वेळी मुलाला नेमकं काय झालंय ते शोधणारा आणि त्याच्या बोलण्याची वाट मोकळी करणारा माणूस म्हणजे वाचा-भाषा तज्ज्ञ, रोजच्या बोलीत ‘स्पीच थेरपिस्ट’. आपल्याकडे बारावीनंतर डॉक्टर, इंजिनिअर, सीए यांची चर्चा घरोघरी होते, या व्यवसायाचं नाव मात्र क्वचितच निघतं. ज्यांनी आयुष्य या कामात घातलं, त्यांना यातून काय मिळतं आणि सीमाभागातल्या मराठी मुला-मुलींनी या वाटेकडे का बघावं, हे समजून घेण्यासारखं आहे.

नेमकं काम काय?

स्पीच थेरपी म्हणजे ‘मुलाला र म्हणायला शिकवणं’, एवढीच अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात हे काम बरंच पसरलेलं आहे.

काही मुलं बोबडं बोलतात. ‘काका’ला ‘ताता’ म्हणतात, ‘रस’ला ‘लस’ म्हणतात. लहान वयात हे चालतं, पण शाळेत जायच्या वयातही बोलणं बाहेरच्यांना कळत नसेल तर मदत लागते. काही मुलं तोतरी असतात, म्हणजे शब्द माहीत असतो पण पहिल्या अक्षराशीच अडतो. काहींना ऐकूच कमी येतं, त्यामुळे भाषा आत शिरत नाही. काही मुलं ऑटिझमची म्हणजे स्वमग्न असतात. टीव्हीवरची जाहिरात अख्खी म्हणून दाखवतील, पण तहान लागली तर ‘पाणी दे’ म्हणणार नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांना सगळं कळतं, मात्र ओठ आणि जीभ ताब्यात राहत नाही. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली काही मुलं नाकातून बोलतात. घास चावणं आणि गिळणं जमत नाही, अशी मुलंसुद्धा याच तज्ज्ञाकडे येतात.

यात तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. आवाज काढणं म्हणजे वाचा. शब्द आणि वाक्यं समजणं-जुळवणं म्हणजे भाषा. आणि मनातलं समोरच्यापर्यंत पोचवणं म्हणजे संवाद. पोपट बोलतो, पण संवाद करत नाही. उलट, बोटाने फळीकडे दाखवून आईचा हात ओढणारं मूल एक शब्दही न बोलता संवाद करत असतं. थेरपिस्टचं लक्ष शेवटी याच तिसऱ्या गोष्टीवर असतं.

म्हणूनच कोणतीही थेरपी सुरू करण्याआधी पहिली पायरी कानांची तपासणी. मूल हाक मारली की वळतं, दार आपटलं की दचकतं, म्हणजे ऐकू येतं, असं घरचे समजतात. पण मोठे आवाज ऐकणाऱ्या मुलाला बोलण्यातले बारीक ध्वनी ऐकू येतीलच असं नाही. ओएई आणि बेरा या तपासण्या तान्ह्या बाळावरही करता येतात आणि त्या दुखत नाहीत. एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार, असा सूत्रासारखा नियम जगभरचे तज्ज्ञ सांगतात. सुरुवातीची वर्षं मेंदू भाषेसाठी सर्वात जास्त तयार असतो, हे त्यामागचं कारण.

‘मराठी बंद करा’ हा सल्ला का चुकतो?

एकापेक्षा जास्त भाषा ऐकल्यामुळे मुलाला भाषेचा विकार जडतो, असं अभ्यासात आढळलेलं नाही. दोन भाषांत वाढणारं मूल सुरुवातीला दोन्ही भाषांचे शब्द एका वाक्यात मिसळतं. बेळगावचं मूल ‘नीरु पायजे’ म्हणालं, तर ते गोंधळलेलं नसतं. हाताशी आलेला शब्द ते वापरत असतं. मोठी माणसं बाजारात हेच करतात.

अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजावे लागतात. एका भाषेत वीस आणि दुसऱ्या भाषेत पंधरा शब्द येणाऱ्या मुलाला एकाच भाषेच्या फुटपट्टीने मोजलं, तर ते मागे पडल्यासारखं दिसतं. आणखी एक खूण तज्ज्ञ बघतात. खरी अडचण असेल तर ती मुलाच्या सगळ्या भाषांत दिसते. फक्त शाळेच्या भाषेत मूल गप्प असेल आणि घरी मराठीत भांडत असेल, तर तो आजार नव्हे. ती भाषा त्याच्या कानावर अजून पुरेशी पडलेली नाही, एवढंच.

घरची भाषा बंद केल्याने नुकसान मात्र नक्की होतं. ज्या आईला इंग्रजी वा कानडी तोडकीमोडकी येते, ती मुलाशी बोलणंच कमी करते. ‘ईट’, ‘सिट’, ‘कम’ असे हुकूम उरतात. गोष्टी, लाड, चेष्टा, रागावणं सगळं आटतं. आजी-आजोबा तर बाजूलाच पडतात. ज्या मुलाला भाषेची सर्वात जास्त गरज आहे, त्याच्याच घरातली भाषा अशी कमी होते.

स्वमग्न किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलांबाबतही तज्ज्ञांचा आग्रह असतो तो घरात जी भाषा मोकळेपणाने बोलली जाते, तीच भरपूर बोलण्याचा. सीमाभागातल्या थेरपिस्टची गरज इथेच कळते. मुलाची आई निपाणीची, भालकीची किंवा खानापूरच्या खेड्यातली असेल आणि थेरपिस्टला तिची मराठी कळत नसेल, तर थेरपी दवाखान्याच्या खोलीतच राहते, घरी पोचत नाही.

खेळासारखी दिसणारी मेहनत

थेरपीच्या खोलीत डोकावलं तर बाहेरच्या माणसाला वाटेल, इथे नुसता खेळ चाललाय. साबणाचे फुगे, चेंडू, भातुकली, चित्रांचे पत्ते. पण प्रत्येक खेळामागे हिशेब असतो.

थेरपिस्ट एक फुगा उडवतो आणि थांबतो. मूल बघतं. पुढचा फुगा आपोआप येत नाही. त्यासाठी मुलाने नजर द्यावी, हात पुढे करावा किंवा काहीतरी आवाज काढावा, एवढी वाट बघायची. ही वाट बघणंच पालकांना सर्वात अवघड जातं. आपण मुलाच्या आधी बोलून मोकळे होतो. मनात पाच ते दहा अंक मोजेपर्यंत गप्प बसणं, हा साधा वाटणारा उपाय अनेक घरांत फरक पाडतो.

उच्चारांसाठी जोडशब्द वापरतात. ‘ग’ ऐवजी ‘द’ म्हणणाऱ्या मुलासमोर ‘गार’ आणि ‘दार’ अशी दोन चित्रं ठेवतात. ‘गार’ म्हणायचं असताना मूल ‘दार’ म्हणालं, तर थेरपिस्ट निमूटपणे दाराचं चित्र उचलून देतो. एका ध्वनीने अर्थ बदलतो, हे मुलाला असं कळतं. मराठीत ‘ळ’ आहे, ‘ण’ आहे, च-ज चे दोन-दोन उच्चार आहेत. इंग्रजी पुस्तकातली शब्दांची यादी इथे कामाला येत नाही. मराठी मुलासाठी मराठी शब्दच शोधावे लागतात, तेही त्या घरातले. गोव्यातल्या घरात पाण्याला ‘उदक’ म्हणत असतील, तर पत्त्यावरच्या चित्राला ‘उदक’च म्हणायचं.

खरं काम मात्र घरी होतं. आठवड्यातून दोनदा पाऊण तास थेरपी म्हणजे दीडच तास. बाकीचा सगळा आठवडा मूल घरी असतं. म्हणून चांगला थेरपिस्ट मुलाइतकाच वेळ आई-वडिलांना शिकवण्यात घालवतो. ‘काय पाहिजे?’ असं विचारण्यापेक्षा ‘दूध पाहिजे की पाणी?’ असं विचारा. मूल ‘गाडी’ म्हणालं तर ‘हो, लाल गाडी गेली’ असं एक पाऊल पुढे न्या. आंघोळ, जेवण, भाजी निवडणं, कपडे घड्या घालणं यांतच भाषा शिकवा. मोबाईल हातात दिल्याने मूल शांत बसतं खरं, पण पडदा मुलाच्या उत्तराची वाट बघत नाही. देवाणघेवाणीचा तेवढा वेळ वाया जातो.

आवाज नसला तरी संवाद असतो

काही मुलं कधीच स्पष्ट बोलणार नाहीत. अशा वेळी थेरपी संपली असं नाही. चित्रांचे तक्ते, खुणा, बटण दाबलं की बोलणारी यंत्रं असे पर्याय असतात. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारतं. चित्रं वापरायला दिली तर मूल बोलायचंच विसरेल, अशी भीती पालकांना असते. अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात की तसं होत नाही. उलट, आपलं म्हणणं पोचतंय हे कळल्यावर चिडचिड कमी होते, आणि पुष्कळ मुलं आवाजाचाही प्रयत्न करू लागतात.

मुंबईच्या मालिनी चिब यांचं उदाहरण सर्वांसमोर आहे. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू केली. लोकांना सहज कळेल असं बोलणं मालिनींना जमत नाही, तरी त्यांनी लंडनमधून दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. बोलता येत नाही म्हणजे डोक्यात काही नाही, हा समज किती चुकीचा आहे, ते यातून दिसतं.

कर्णबधिर मुलांसाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी २०१५ मध्ये दिल्लीत केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था उभी राहिली. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट की सांकेतिक भाषा, हा निर्णय कुटुंबाने माहिती घेऊन करायचा. पण इम्प्लांट बसवलं की दुसऱ्या दिवसापासून मूल बोलू लागतं, हा गैरसमज काढून टाकायला हवा. शस्त्रक्रिया काही तासांची असते. ऐकायला आणि बोलायला शिकणं मात्र काही वर्षांचं काम असतं, आणि ते थेरपिस्टबरोबरच करावं लागतं.

आयुष्यभराचं समाधान कुठून येतं?

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, अमेरिकेचे चार्ल्स व्हॅन रायपर, स्वतः तोतरे होते. १९०५ मध्ये मिशिगन राज्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून शब्द अडायचे. तरुणपणी त्यांनी नाना उपचार केले. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की, तोतरेपणा लपवण्याच्या धडपडीतच माणूस जास्त अडकतो. न अडखळण्याचा अट्टहास सोडून सहज, ताण न घेता अडखळायला शिकावं, हा त्यांचा विचार. १९३६ मध्ये त्यांनी वेस्टर्न मिशिगनमध्ये वाचा-उपचार केंद्र सुरू केलं, १९३९ मध्ये ‘स्पीच करेक्शन’ हे पाठ्यपुस्तक लिहिलं. १९९४ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा स्वतःचा तोतरेपणा पूर्ण कधीच गेला नाही. तरीही ते शिकवत राहिले, भाषणं देत राहिले, आणि त्यांच्या पुस्तकांवर थेरपिस्टांच्या पिढ्या तयार झाल्या.

या व्यवसायातलं समाधान साधारण असंच असतं. इथे ‘पूर्ण बरा झाला’ असा शेवट दर वेळी नसतो. कुणाचं मूल चार वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा ‘आई’ म्हणतं. कुणाचं मूल शब्द बोलत नाही, पण पोट दुखतंय हे चित्रावर बोट ठेवून सांगतं, आणि रात्रभराचं कारण न कळणारं रडणं थांबतं. कुणी तोतरा मुलगा वर्गात हात वर करतो. बाहेरच्याला या गोष्टी किरकोळ वाटतील. त्या घरात मात्र दिवाळी असते. डॉक्टरकडे रुग्ण येतो आणि जातो. थेरपिस्ट एखाद्या मुलाला दोन वर्षांचं असल्यापासून शाळेत जाईपर्यंत बघतो. घडताना बघणं, हीच या कामाची मोठी कमाई.

अर्थात, दुसरी बाजूही आहे. प्रगती संथ असते. महिनोन् महिने काहीच हललं नाही असं वाटतं. लांबच्या गावातून येणारं कुटुंब पेरणीच्या दिवसांत थेरपी सोडतं, कारण एक फेरी म्हणजे एक दिवसाचा रोजगार आणि एसटीचं भाडं. सुरुवातीचा पगार इंजिनिअरशी तुलना करण्यासारखा नसतो. बरेच तरुण थेरपीपेक्षा श्रवणयंत्रांच्या विक्रीकडे वळतात, कारण तिथे पैसा लवकर दिसतो. पालकांचं दुःख रोज ऐकून मनही थकतं. झटपट निकाल हवा असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, हे आधीच सांगितलेलं बरं.

शिक्षण कुठे आणि कसं?

मुख्य पदवी ‘बीएएसएलपी’. ऐकणं आणि बोलणं या दोन्हींचा अभ्यास तीत असतो. इंटर्नशिप धरून चार वर्षं लागतात. बारावी विज्ञान शाखेतून लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि त्यासोबत जीवशास्त्र किंवा गणित असे विषय साधारण मागतात, बारीक अटी संस्थेनुसार बदलतात. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे.

देशातली अग्रगण्य संस्था म्हणजे म्हैसूरची ‘अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था’. ती १९६५ मध्ये सुरू झाली. प्रवेश परीक्षेतून होतात. बेळगाव-खानापूर भागातल्या मुलांना धारवाडची जेएसएस संस्था जवळ पडते. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून ‘अली यावर जंग राष्ट्रीय संस्था’ आहे आणि तिचं प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे. मूळचे हैदराबादचे अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते, हा दोन राज्यांना जोडणारा धागाही त्यात आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि पुण्याच्या भारती विद्यापीठातही हे शिक्षण मिळतं.

विज्ञान शाखा नसलेल्यांसाठी दारं पूर्ण बंद नाहीत. विशेष शिक्षक किंवा सांकेतिक भाषेचे दुभाषी होण्याचे अभ्यासक्रम आहेत. प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट तपासलीच पाहिजे : तो अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला आहे का? १९९२ च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी नसताना हा व्यवसाय करणं गुन्हा आहे. पालकांनीही थेरपिस्टला नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नये.

नोकऱ्या सरकारी रुग्णालयांत, जिल्हा त्वरित हस्तक्षेप केंद्रांत, विशेष शाळांत आणि खासगी दवाखान्यांत असतात. स्वतःचं केंद्रही काढता येतं. सीमाभागातली मुलं इथे एक भांडवल घेऊनच येतात. मराठी आणि कानडी, मराठी आणि कोकणी, मराठी आणि तेलुगू अशा दोन-तीन भाषा त्यांना लहानपणापासून येतात. चार वर्षांची पदवी शास्त्र शिकवते, पण आजीशी तिच्या बोलीत बोलणं कुठल्याही महाविद्यालयात शिकवत नाहीत.

पालकांनी कधी दाखवावं?

- सहा ते नऊ महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज येत नसतील.
- वर्षाचं मूल नावाने हाक मारली तर वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल.
- दीड वर्षापर्यंत अर्थपूर्ण शब्द नसतील.
- दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नसेल.
- तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्यांना बहुतेक कळतच नसेल.
- येत असलेले शब्द कोणत्याही वयात गळू लागले असतील.

यातलं काहीही दिसलं तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. २०१३ पासून देशभर सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणी होते. ऐकण्यातला दोष आणि भाषेतला विलंब दोन्ही तिथे बघितले जातात. राज्य कोणतंही असो, अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना विचारलं की जिल्ह्याच्या केंद्राचा पत्ता मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व, ऑटिझम, श्रवणदोष यांचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र आणि त्यावरच्या सवलतींचा हक्कही आहे.

तज्ज्ञाकडे जाताना मूल घरी काय बोलतं, कोणत्या भाषेत बोलतं, कुणाशी बोलतं, हे आठवडाभर कागदावर टिपून न्यावं. चुकीचे शब्दही जसेच्या तसे लिहावेत. आणि तोपर्यंत घरातली मराठी चालूच ठेवावी.